तादात्म्य आणि प्रत्यभिज्ञा : टोल्किनचे एल्फ आणि त्यांचे सगोत्र वाचक

वाचकाचे कलाकृतीतील पात्राशी तादात्म्य होते, हे विधान मराठी समीक्षेला नवे नाही. न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. आपली भूमिका न सोडता वाचक परक्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरीपणात वाङ्मयीन आनंदाचे मूळ आहे, असा तिचा आशय. या उपपत्तीतील 'समाधी'वर पुष्कळ चर्चा झाली. 'सविकल्प' हे विशेषण मात्र जवळजवळ गृहीतच धरले गेले. कितीही रंगलो तरी आपण दुष्यंत नाही, हे वाचकाला ठाऊक असतेच, असे आपण मानून चालतो. हा विकल्पच नाकारणारा वाचक समोर आला तर त्याच्या वाचनाकडे कसे पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

असा वाचकवर्ग प्रत्यक्षात आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात 'एल्फ क्वीन्स डॉटर्स' या नावाने एकत्र आलेल्या मंडळींनी आपण माणूस नसून एल्फ आहोत, असे पत्रांतून जाहीरपणे मांडले. १९९० मध्ये अशा व्यक्तींसाठी 'अदरकिन' हा शब्द रूढ होऊ लागला. २०१४ मध्ये 'ऑल्टरह्यूमन' ही अधिक व्यापक संज्ञा घडवली गेली. तिला मराठीत 'अन्यमानव' म्हणता येईल. अन्यमानवांचे स्वतःविषयीचे स्पष्टीकरण एकच नाही. कोणी पूर्वजन्माचा आधार घेतो, कोणी आत्म्याच्या जातीचा, तर कोणी हे केवळ मानसिक घडणीचे सत्य मानतो. जोसेफ लेकॉक यांचा २०१२ मधील निबंध, डॅनिएल कर्बी यांचे २०१३ मधील पुस्तक आणि टोल्किनच्या साहित्यावर आधारलेल्या अध्यात्मावरील मार्कुस डेव्हिडसन यांचा २०१४ मधील प्रबंध यांनी या विषयाला अभ्यासाची प्रतिष्ठा दिली. ही मांडणी मुख्यतः धर्माभ्यासाची आहे. ही श्रद्धा श्रद्धावंताला काय देते, असे ती विचारते. समीक्षेने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : हे वाचन संहितेतील काय घेते आणि काय सोडते?

त्यासाठी प्रथम या वाचनाचे स्वरूप नेमके ओळखले पाहिजे. हे तादात्म्य नव्हे. 'वाचताना मी एल्फ होतो' असे हा वाचक म्हणत नाही. 'मी होतोच, वाचल्यावर कळले' असे तो म्हणतो. यासाठी आपल्या परंपरेत 'प्रत्यभिज्ञा' हा अचूक शब्द आहे. उत्पलदेवाने दिलेला दृष्टांत प्रसिद्ध आहे. जिच्या मनात प्रियकराचा ध्यास आहे, त्या तरुणीसमोर तो प्रत्यक्ष उभा राहतो. पण कोणी त्याचे गुण सांगून तो ओळखून देईपर्यंत तो तिला इतरांसारखाच वाटतो. अन्यमानवाच्या वाचनात संहिता हे गुण सांगण्याचे काम करते. येथेच एक महत्त्वाचा फरक उद्भवतो. तादात्म्याला पुरावा लागत नाही; प्रत्यभिज्ञा मात्र लक्षणांवर अवलंबून असते. म्हणून या दाव्यापुढे संहितेला उत्तराचा अधिकार प्राप्त होतो.

टोल्किनने ही लक्षणे विलक्षण तपशिलाने दिली आहेत. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिहिलेले आणि 'मॉर्गॉथ्स रिंग' या खंडात १९९३ साली प्रसिद्ध झालेले एल्दारांच्या आचारनियमांवरील टिपण या दृष्टीने मूलभूत आहे. एल्फांची मुले वर्षाच्या आत बोलू लागतात, पण शरीराने पूर्ण वाढायला त्यांना पन्नास वर्षे, क्वचित शंभरही लागतात. अपत्यजन्मात आईवडिलांच्या देहाची व आत्म्याची शक्ती खर्ची पडते, म्हणून मुले थोडी. आत्मा म्हणजे 'फेआ' आणि देह म्हणजे 'ह्रोआ'; युगे लोटतात तसा फेआ ह्रोआला जणू जाळत जातो आणि एल्फ विरळ होत जातो. जीवशास्त्राला जोडूनच संस्कृती येते. वडील नाव ठेवतात, आईने दिलेल्या नावात भविष्याची चाहूल असते; आणि ध्वनींची स्वतःची आवड जागी झाली की मूल आपले नाव स्वतः निवडते. ही शेवटची कल्पना भाषाशास्त्राच्या प्राध्यापकालाच सुचावी अशी आहे.

या टिपणाचा घाटही लक्षणीय आहे. ते कथा नाही. 'एल्दार असे करतात' अशा सामान्य वर्तमानकाळात ते चालते. एका मर्त्य मानवाने एल्फांचे रीतिरिवाज नोंदवून ठेवावेत, अशी त्याची बतावणी आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) ही कादंबरीसुद्धा जुन्या हस्तलिखिताचा अनुवाद म्हणून पुढे येते. कथेतील पात्र एकटे असते. मानववंशशास्त्रीय नोंदीतील विधान जातीविषयी असते, आणि जातीत आणखी एकाला जागा असू शकते. फ्रोडो होता येत नाही; एल्फांतील एक होण्याची मुभा या घाटातच दडलेली आहे. तेव्हा अन्यमानवाचे वाचन हा संहितेवर बाहेरून लादलेला विक्षेप नाही. तिने उघडे ठेवलेले एक दार तो ओलांडतो, इतकेच.

दार ओलांडल्यावर मात्र संहिता प्रतिकार करू लागते. मानवी देहात एल्फाचा आत्मा, हे अन्यमानवाचे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. वरील टिपणात पुनर्जन्म आहे. परंतु तो एल्फांच्याच घरी, एल्फदेहातच. देह हरवलेला फेआ परक्या जिवंत देहात शिरू पाहतो अशीही शक्यता तेथे नोंदवली आहे, पण ती अधर्म आणि धोका म्हणून. याहून गंभीर अडचण त्याच खंडातील फिनरोद आणि आन्द्रेथ यांच्या संवादात आहे. फिनरोद हा एल्फ राजा. आन्द्रेथ ही मानवांतील ज्ञानी स्त्री, जिने तारुण्यात त्याच्याच भावावर प्रेम केले आणि जी आता वृद्ध होत चालली आहे. मृत्यूवर बोलताना फिनरोद माणसांविषयीचे एक निरीक्षण मांडतो. माणसे कोणत्याही वस्तूकडे तिच्यासाठी म्हणून पाहत नाहीत; ती त्यांना अधिक प्रिय अशा दुसऱ्या कशाची तरी आठवण देते, म्हणून पाहतात. यावरून तो अनुमान काढतो की, मानवाचा आत्मा या जगात पाहुणा असावा. एल्फ मात्र या जगाचेच. जग असेतो ते जगाशी बांधलेले.

या अनुमानाचा अन्यमानवाच्या दाव्याशी सरळ संबंध आहे. 'मी येथला नाही, हा देह आणि हे जग माझे नव्हे' ही जाणीव त्याच्या प्रत्यभिज्ञेचा पहिला पुरावा असते. टोल्किनच्या योजनेत नेमकी हीच जाणीव मानवाचे व्यवच्छेदक लक्षण आहे. ज्या खुणेवरून वाचक स्वतःला एल्फ म्हणून ओळखतो, त्याच खुणेवरून एल्फाने त्याला माणूस म्हणून ओळखले असते.

यावर एक आक्षेप संभवतो. एल्फांनाही ओढ असते; समुद्रपक्ष्यांचा आवाज ऐकताच लेगोलासचे मन अरण्यात रमेनासे होते. हा आक्षेप खरा आहे, पण पुरेसा नाही. लेगोलासच्या ओढीला पत्ता आहे, नौका आहे, पैलतीर आहे. ज्या घराची आठवणही नाही त्याची ओढ ही मानवाची. शिवाय जात बदलण्याचे जे मोजके प्रसंग टोल्किनमध्ये आहेत, त्यांची दिशाही बोलकी आहे. लूथिएन आणि आर्वेन अमरत्वाकडून मृत्यूकडे येतात. मर्त्य असून एल्फांत गणला गेलेला तुओर हा एकटाच, आणि तोही गीतांत सांगितला गेला म्हणून.

अन्यमानवांना ही विसंगती अपरिचित नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी कालांतराने टोल्किनऐवजी केल्टिक पुराणकथांकडे आधार शोधला. 'सिल्व्हर एल्व्ह्ज' या नावाने लिहिणाऱ्यांनी टोल्किनच्या भाषांवर न विसंबता आर्विन्दासे ही स्वतंत्र भाषा रचली. संहितेला अपूर्ण साक्षीदार ठरवून पुढे जाण्याचा हा मार्ग श्रद्धेच्या दृष्टीने सुसंगत आहे. कोणाच्या आत्मभानाचा निवाडा करणे हे समीक्षेचे कामही नव्हे. परंतु या मार्गात साक्षीदाराचे म्हणणेच ऐकायचे राहून जाते, हे सांगणे समीक्षेला भाग आहे.

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात साहित्यविचाराला लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे दोन ध्रुव असल्याचे दाखवले. अन्यमानवाचे वाचन लौकिकतावादी ध्रुवाच्या अगदी टोकाशी जाते. कल्पित प्राणिजातीला ते जन्मपत्रिकेचे मोल देते. याच्या उलट, हे सारे भाबडेपण आहे असे म्हणून हसणारा समीक्षक संहितेला जीवनापासून इतकी तोडतो की, तिने कोणाचे आयुष्य का हलवावे हेच त्याला सांगता येत नाही. १९५४ साली एका पुस्तकविक्रेत्याच्या शंकांना उत्तर म्हणून लिहिलेल्या पत्राच्या मसुद्यात टोल्किनने जीवशास्त्रदृष्ट्या एल्फ आणि मानव एकच वंश असल्याचे मान्य केले आहे, कारण त्यांना प्रजननक्षम संतती होते. एल्फ म्हणजे माणसाच्याच काही शक्तींना आणि इच्छांना दिलेला देह, असेही तो तेथे सुचवतो. या कबुलीच्या प्रकाशात पाहिले तर पन्नास वर्षांचे बाल्य, स्वतः निवडलेले नाव आणि देहाला संपवणारा आत्मा हे तपशील मरणाऱ्या जातीने न मरण्याविषयी केलेल्या विचाराचा भाग ठरतात.

तेव्हा अन्यमानवाने संहितेत स्वतःला पाहिले, हे खोटे नाही. फक्त तो ज्या ओळीत स्वतःला शोधतो, त्या ओळीत तो नाही. तो आन्द्रेथच्या बाजूला बसलेला आहे : वृद्ध होत जाणारा, या जगात पाहुणा असलेला, आणि त्याच कारणाने एल्फांची ओढ असलेला. सविकल्प समाधीतील विकल्पाचे मोल येथे कळते. परकी भूमिका परकी राहिली, तरच तिच्या तोंडून आपले वर्णन ऐकता येते.