अर्धवाहक चिपवरील डीएनए क्रमनिर्धारण : संकेतांच्या अर्थनिर्णयनाची चिकित्सा

प्रस्तावना

जीवशास्त्रविषयक लेखनात 'जनुकाचे वाचन केले' हे विधान आता रूढ झाले आहे. वाचन म्हटले की अक्षरे आधीच लिहिलेली असून यंत्र ती केवळ पाहते, असा समज होतो. अर्धवाहक चिपवर मात्र प्रत्यक्षात मोजला जातो तो व्होल्टेजमधील सूक्ष्म बदल. ए, टी, जी, सी ही अक्षरे म्हणजे त्या मोजमापावरून काढलेले अनुमान होय. मापन आणि अनुमान यांतील अंतर कोठे निर्माण होते व खानदेशच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तंत्राचे स्वरूप

जोनाथन रॉथबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'नेचर' नियतकालिकात हे तंत्र सविस्तर मांडले. चिपवरील लक्षावधी सूक्ष्म खळग्यांत एकेक मणी बसतो व प्रत्येक मण्यावर एकाच डीएनए तुकड्याच्या असंख्य प्रती असतात. चार न्यूक्लिओटाइड ठरावीक क्रमाने, एका वेळी एकच, चिपवरून प्रवाहित केले जातात. जुळणारे न्यूक्लिओटाइड साखळीत जोडले गेले की हायड्रोजन आयन मुक्त होतो, खळग्यातील सामू किंचित बदलतो आणि खालचा संवेदक तो बदल टिपतो. प्रकाश, कॅमेरा, रंगद्रव्य यांची गरज उरत नाही. गॉर्डन मूर यांचा जीनोम याच पद्धतीने उलगडून या संशोधकांनी चिप-तंत्रज्ञानाच्या वाढत्या क्षमतेशी जीवशास्त्राची सांगड घातली. वेग व खर्च या दोन्ही दृष्टींनी हे योगदान मोलाचे आहे, यात शंका नाही.

संकेतातील संदिग्धता

प्रश्न उद्भवतो तो अर्थनिर्णयनात. एकच अक्षर सलग अनेकदा आले, तर ती सर्व अक्षरे एकाच प्रवाहात जोडली जातात व त्यांची संख्या संकेताच्या उंचीवरून ठरवावी लागते. एक व दोन यांत दुपटीचा फरक असतो. सात व आठ यांत तो सुमारे १४ टक्क्यांवर येतो. त्यातच सर्व प्रती एका चालीने पुढे जात नाहीत. काही मागे राहतात, तर धुऊन न गेलेल्या न्यूक्लिओटाइडमुळे काही पुढे निसटतात. प्रत्येक टप्प्यावर केवळ १ टक्का प्रती मागे राहतात असे गृहीत धरले, तरी १०० टप्प्यांनंतर सुमारे ३७ टक्केच प्रती एका पावलावर उरतात. म्हणून संगणक-प्रणाली पार्श्वभूमीचा संकेत वजा करते, ज्ञात आरंभ-अक्षरांवरून मापनाचे एकक ठरवते व ही विस्कळीत चाल गणिताने दुरुस्त करते. अशा प्रत्येक दुरुस्तीमागे एक गृहीतक असते. लोमन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केलेल्या तुलनेत या पद्धतीच्या यंत्रावर दर १०० अक्षरांमागे १.५ समावेश-लोप दोष आढळले होते. पुढे रसायने व प्रणाली सुधारल्या; तथापि दोषाचे मूळ मापनपद्धतीतच असल्याने तो पूर्णतः नाहीसा होत नाही.

खानदेशचा संदर्भ

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या धुळे व जळगाव जिल्ह्यांतील आदिवासी वस्त्यांत सिकलसेल हा परिचित आजार आहे. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून २०४७ हे उद्दिष्टवर्ष आहे. या आजारात बीटा-ग्लोबिन जनुकातील जीएजी हे त्रिक जीटीजी होते. प्रवाहांचा क्रम टी-ए-सी-जी असा साधा धरला, तर निरोगी जनुकात टीच्या प्रवाहाला शून्य व एच्या प्रवाहाला एक संकेत मिळतो. विकृत जनुकात हे मूल्य नेमके उलटते. हा फरक ठळक असून त्याबाबत संदिग्धता कमी राहते.

बीटा थॅलेसेमियाची भारतात आढळणारी ८/९ क्रमांकाच्या त्रिकांमधील विकृती याहून वेगळी आहे. तेथे एक जी वाढतो. परिणामी एकाच प्रवाहाचा संकेत एकवरून दोनवर जातो व पुढील सर्व प्रवाह जसेच्या तसे राहतात. समावेश-लोप दोष टाळण्यासाठी प्रणालीची चाळणी कडक केली, तर अशी खरी विकृतीही गाळली जाण्याचा धोका असतो. चाळणी सैल केली, तर नसलेली विकृती अहवालात येऊ शकते. सिकलसेल व थॅलेसेमिया यांचे जनुक एकाच बालकात एकत्र येऊ शकतात, हे ध्यानात घेता ही निवड केवळ तांत्रिक राहत नाही.

येथे आणखी एका गैरसमजाचा निर्देश आवश्यक आहे. १.५ एवढा संकेत म्हणजे वाहक व्यक्ती, असा अर्थ लावणे चुकीचे होय. प्रत्येक मण्यावर एकाच तुकड्याच्या प्रती अपेक्षित असल्याने वाहकाच्या नमुन्यात सुमारे निम्मे खळगे एक व निम्मे दोन दाखवतील. एकाच खळग्यातील अपूर्णांक बहुधा मिश्र मणी किंवा विस्कळीत चाल सूचित करतो.

निष्कर्ष

महाविद्यालयीन संशोधनात नमुने बहुधा बाहेरील प्रयोगशाळेत पाठवले जातात व हाती येते ती केवळ अक्षरांची धारिका. या रूपांतरात संकेतमूल्ये गळून पडतात आणि त्यांच्यासोबत पुनर्तपासणीची शक्यताही. बॅम धारिकेत प्रवाहनिहाय संकेतमूल्ये जतन करण्याची सोय असल्याने ती मागून घेणे, प्रणालीची आवृत्ती व चाळणीचे निकष निबंधात नोंदवणे, दोन्ही धाग्यांवरील वाचन पडताळणे आणि निदानाशी निगडित समावेश-लोप सँगर पद्धतीने तपासणे, ही किमान शिस्त मानली पाहिजे. अर्धवाहक चिपने क्रमनिर्धारण स्वस्त व सुलभ केले. अर्थनिर्णयनाची जबाबदारी मात्र तिने संशोधकाच्या खांद्यावरून उतरवलेली नाही.