सुखवस्तू, सुखी, समाधानी : जीवनमानाच्या मापनातील शब्दविवेक

केंद्रीय गृहनिर्माण व नगर व्यवहार मंत्रालयाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या जीवनसुलभता निर्देशांकात १११ शहरांमध्ये पुण्यास पहिले स्थान मिळाले. ते मापन ७८ निकषांवर झाले होते. रहिवाशांना स्वतःस काय वाटते, याला त्यात स्थान नव्हते. २०२० च्या निर्देशांकात नागरिकांच्या अभिप्रायास ३० टक्के भार देण्यात आला आणि दहा लाखांवरील शहरांत पुणे दुसरे आले. ही सुधारणा स्वागतार्ह खरी. तथापि दोन आक्षेप शिल्लक राहतात.

पहिला आक्षेप सीमेचा. मापनाचे एकक शहर असल्यामुळे मुळशी तालुक्यातील मारुंजी हे ग्रामपंचायतीचे गाव दोन्ही वेळा गणनेबाहेर राहिले. वास्तविक, हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानामागोमाग तेथील शेतजमिनींवर बहुमजली गृहसंकुले उभी राहिली. शहराच्या वाढीचा भार गावाने वाहावा आणि शहराच्या सुखाच्या हिशेबात मात्र त्याचे नाव नसावे, ही विसंगती उघड आहे.

दुसरा आक्षेप भाषेचा असून तो अधिक मूलगामी आहे. जागतिक आनंद अहवालात २०१२ पासून हॅडली कॅन्ट्रिल यांची शिडी वापरली जाते. शून्य ते दहा या पायऱ्यांपैकी आपण कोणत्या पायरीवर आहोत, असे प्रत्येकास विचारले जाते. या कल्पनेत सुख हे एकट्याचे आणि चढत्या क्रमाचे आहे. मराठी प्रयोग तसे नाहीत. ‘घरात सुख आहे’ येथे सुखाचे अधिष्ठान घर आहे. ‘लेक सुखात पडली’ येथे सुख हेच लेकीचे अधिष्ठान आहे. ‘समाधान’ तर पायरी नव्हेच. शंकेचे समाधान होते तसेच मनाचे होते. त्यात काही मिटणे अभिप्रेत आहे, चढणे नव्हे.

जमीन विकून सुखवस्तू झालेले कुटुंब सुखी असेलच असे नाही. सुखी असूनही ते समाधानी नसेल. भाषेने वेगळ्या राखलेल्या या तीन अवस्था एका अंकात मिसळल्या, तर उत्तर रहिवाशाचे न राहता प्रश्नाचे भाषांतर करणाऱ्याचे होते. म्हणून मारुंजीसारख्या गावी हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे, आणि व्यक्तीबरोबर घरासही एकक मानून, विचारले जाणे अगत्याचे आहे. तोवर शहरांचे क्रमांक हे सोयींचे क्रमांक होत. त्यांस सुखाचे क्रमांक म्हणता येणार नाही.