कूटीचं नाव कुठे गेलं?

ड्यूक एलिंग्टनचे 'ग्रेटेस्ट हिट्स' ॲपवर लावले, तर 'मूड इंडिगो', 'कॅरव्हॅन', 'टेक द ए ट्रेन' सगळ्यांखाली एकच नाव दिसतं. पण 'ए ट्रेन' बिली स्ट्रेहॉर्नची. 'कॅरव्हॅन'मागे ट्रॉम्बोनवाला हुआन टिझोल, 'मूड इंडिगो'च्या श्रेयात क्लॅरिनेटवाला बार्नी बिगार्ड. आमच्या कोडमध्ये कुठली ओळ कुणी लिहिली हे एका कमांडमध्ये कळतं. इथे ते कानांनीच शोधावं लागतं.

मग एलिंग्टनने काय केलं? 1930चं 'मूड इंडिगो' हेडफोन लावून ऐका. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या पद्धतीत ट्रम्पेटकडे चाल, क्लॅरिनेट त्याच्यावर बागडणार, ट्रॉम्बोन खाली. एलिंग्टनने क्लॅरिनेटला पार तळाशी नेलं आणि ट्रॉम्बोन वर, म्यूट लावलेल्या ट्रम्पेटला चिकटून ठेवला. वाद्यं तीच, पण असा आवाज त्याआधी नव्हता. चाल कुणाचीही असो, ही बसवणूक त्याची. 'बँड हेच त्याचं वाद्य' हे वाक्य गुळगुळीत झालंय, पण इथे ते पटतं.

माझी खरी तक्रार 'कन्चर्टो फॉर कूटी'बद्दल आहे. मार्च 1940चं हे रेकॉर्डिंग. 78च्या तबकडीच्या एका बाजूवर मावतील एवढीच तीनेक मिनिटं, आणि तेवढ्यात कूटी विल्यम्सच्या ट्रम्पेटचे किती आवाज! कधी म्यूटमधला दबका, कधी गुरगुरणारा (तुंबलेलं बेसिन मोकळं करायच्या पंपाचा रबरी कप ट्रम्पेटच्या तोंडाशी धरून हा काढतात), आणि मध्ये एकदम मोकळा, भरदार. मुख्य चाल 10 बारची आहे, नेहमीच्या 8 बारची नाही. कूटीचं वाक्य संपतं, बँड उत्तर देतो, त्यासाठी जागा ठेवलीय.

1943 साली याच चालीवर बॉब रसेलने शब्द लिहिले आणि 'डू नथिंग टिल यू हिअर फ्रॉम मी' हे गाणं हिट झालं. गाता यावं म्हणून 10चे 8 बार झाले. बँडचं उत्तर गेलं आणि शीर्षकातून कूटीही. गाणं वाईट नाही, गुणगुणायला सोपं आहे. पण मूळ ऐकल्यावर ते मला कापून चौकोनी केल्यासारखं वाटतं. दोन्ही लागोपाठ लावा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

तोवर कूटी बँडमध्ये नव्हताच. 1940च्या अखेरीस तो बेनी गुडमनकडे गेला आणि त्याच्या खुर्चीवर रे नान्स आला. फेब्रुवारी 1941मध्ये 'ए ट्रेन' रेकॉर्ड झालं. त्यातला ट्रम्पेट, आधी म्यूट लावून आणि मग मोकळा, या नव्या माणसाचा. तो सोलो इतका पक्का बसला की पुढचे ट्रम्पेटवाले तो जवळजवळ तसाच वाजवत राहिले. खाली नाव अर्थातच एलिंग्टनचं.

कूटी 1962मध्ये बँडमध्ये परत आला.