उत्तर कॅनडातील स्थानिक दूरचित्रवाणी : भाषा आणि घाट

दूरचित्रवाणीच्या संदर्भात ‘स्थानिक’ ह्या विशेषणाचा अर्थ बहुधा भौगोलिक घेतला जातो. प्रक्षेपक गावात उभा राहिला, की प्रक्षेपण स्थानिक झाले, अशी ती समजूत होय. कॅनडाच्या उत्तर भागातील लहान नगरांचा इतिहास पाहता ही समजूत अपुरी ठरते.

यलोनाइफ येथे दूरचित्रवाणी आली ती १९६७ साली. दक्षिणेत तयार झालेल्या कार्यक्रमांच्या फिती तेथे पाठविल्या जात आणि दिवसाकाठी सुमारे चार तास दाखविल्या जात. केंद्र नगरात होते. परंतु नगर मात्र पडद्यावर नव्हते. १९७२ मध्ये ‘अनिक’ हा उपग्रह अवकाशात गेला आणि फितींची प्रतीक्षा संपली. ‘अनिक’ म्हणजे इनुक्टिटुट भाषेत ‘भाऊ’. ह्या भावाच्या मुखी इंग्रजी आणि फ्रेंच होती. इनुक्टिटुट जवळजवळ नव्हतीच. अंतर तुटले, पण परकेपणा वाढला.

इग्लूलिक ह्या वस्तीने १९७५ आणि १९७९ अशी दोनदा मते घेऊन दूरचित्रवाणी नाकारली. हा नकार यंत्रभयातून आला, असे मानणे चुकीचे होईल. आपल्या भाषेतील कार्यक्रम नसताना हा पडदा घरात घेऊ नये, असा तो विचारपूर्वक निर्णय होता. त्या अर्थी ती दूरचित्रवाणीची पहिली गंभीर समीक्षाच होय. १९८१ मध्ये इनुइट ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनची स्थापना झाली, पुढील वर्षी तिचे प्रक्षेपण सुरू झाले, आणि त्यानंतरच इग्लूलिकने आपला नकार मागे घेतला.

येथे खरा वाङ्मयीन प्रश्न उपस्थित होतो. भाषा बदलली म्हणजे कार्यक्रम आपला झाला काय? मेजामागे बसलेला निवेदक, मिनिटा-दीड मिनिटाची वृत्ते, वाक्य पुरे होण्याआधीच तोडलेली मुलाखत, हा सारा घाट दक्षिणेकडील आहे. त्यात इनुक्टिटुट शब्द भरले, तरी वृद्धांच्या कथनातील संथपणा आणि मौनाचे मोल त्यात मावत नाही. आशय स्वकीय आणि घाट परकीय असा हा विसंवाद आहे.

त्याला समर्थ उत्तर दिले ते झकारियास कुनुक ह्यांनी. १९८१ मध्ये त्यांनी पहिला व्हिडिओ कॅमेरा घेतला. पुढे त्यांनी ह्याच संस्थेत काम केले आणि १९९० मध्ये सहकाऱ्यांसह ‘इसुमा’ ही निर्मितिसंस्था काढली. ‘नुनावुत’ ही त्यांची तेरा भागांची मालिका १९४५ च्या सुमाराचे इग्लूलिकमधील जीवन दाखविते. तीत कुत्र्यांची गाडी जोडणे, बर्फाचे घर बांधणे ही कामे सावकाश, त्यांच्या स्वाभाविक लयीत घडतात. येथे प्रेक्षकाला कथानक पुढे ढकलणारी घाई नाही; कामाची लय हीच कथनाची लय होते. २००१ मध्ये कान महोत्सवात ‘अतानारजुआत’ ह्या त्यांच्या चित्रपटाला ‘कॅमेरा दॉर’ मिळाला, त्याची पूर्वतयारी ह्या मालिकेत झालेली दिसते.

तथापि ह्या यशाच्या निकषाने सर्वच स्थानिक प्रक्षेपण मोजणे अन्यायाचे ठरेल. २०२१ च्या जनगणनेत इकालुइटची लोकसंख्या ७,४२९ होती. अशा नगराला हवामान आणि नगरपरिषदेचे निर्णय वेळेवर कळणे ही निकडीची गरज असते. वृत्तनिवेदनाचे मूल्य त्याच्या उपयुक्ततेत आहे, तर कलाकृतीचे तिच्या लयीत. दोहोंची गल्लत केल्यास समीक्षा दोहोंवर अन्याय करते.

दोहोंना समान असलेला प्रश्न वेळेचा आहे. दुसऱ्याच्या वाहिनीवर उसन्या मिळालेल्या तासात कार्यक्रमाची लांबीही दुसराच ठरवितो. म्हणूनच १९९२ मध्ये उत्तरेची स्वतंत्र वाहिनी सुरू झाली. १९९९ मध्ये तिचे राष्ट्रव्यापी आदिवासी वाहिनीत रूपांतर झाले. प्रेक्षक वाढले, परंतु अनेक समाजांत विभागलेल्या त्या वाहिनीवर इनुक्टिटुटचा वाटा मर्यादितच राहणार होता. २०२१ च्या जानेवारीत ‘उवागुत’ ही इनुइट भाषेची वाहिनी सुरू झाली, ती ह्याच उणिवेचे उत्तर म्हणून.

सारांश, स्थानिकता प्रक्षेपकाच्या ठिकाणात नसून भाषा, घाट आणि वेळ ह्या तिहींवरील अधिकारात आहे. इग्लूलिकने १९७५ मध्ये त्यांतील पहिल्याचा आग्रह धरला; उरलेल्या दोहोंचा शोध पुढील पिढीला घ्यावा लागला.