कागदी वस्त्रातली फिर्याद

मिर्झा गालिबच्या उर्दू दिवानात, म्हणजे गझलसंग्रहात, शिरताना उंबऱ्यावरच एक फिर्यादी भेटतो. दिवानाचा प्रारंभ ईश्वरस्तुतीने करावा, असा जुना संकेत. १८४१ साली दिल्लीत छापलेल्या आपल्या दिवानात गालिबने त्या मानाच्या जागी तक्रार मांडली, आणि तीही ऐन तारुण्यात लिहिलेल्या गझलेतली.

तिच्या मतल्याचा, म्हणजे पहिल्या शेराचा, आशय असा: चित्रातली प्रत्येक आकृती कागदी वस्त्र ल्यालेली आहे, कोणाच्या खोडकर रेखाटनाविरुद्ध ती न्याय मागते आहे? या प्रतिमेचं मूळ गालिबनेच एका पत्रात उलगडलं आहे. इराणात न्याय मागणारा कागदी कपडे घालून हाकिमापुढे जाई. चित्र तर कागदावरच जन्मतं. ज्या कागदाने त्याला अस्तित्व दिलं, तोच त्याचा फिर्यादीचा वेश होतो. वेगळं गाऱ्हाणं मांडायची गरजच उरत नाही. घडवलं जाणं आणि सहज फाटेल अशा वस्तूवर घडवलं जाणं, हेच गाऱ्हाणं.

देवाशी तुकोबाही भांडतात, पण तेव्हा विठ्ठल समोर असतो. इथे आरोपीचं नाव घेतलेलं नाही, नुसता प्रश्न आहे. शिवाय ज्या हाताविरुद्ध फिर्याद, त्याच्या कसबावर फिर्यादी लुब्धही आहे. तक्रारीच्या पोटात कौतुक आणि कौतुकाच्या पोटात वेदना, ही गुंतागुंत दोन ओळींत तोलून धरणं हे गालिबचं सामर्थ्य!

पुढच्याच शेरात तो विश्वाच्या दरबारातून एकट्याच्या रात्रीत उतरतो. दंतकथेतला प्रेमी फरहाद, त्याला डोंगर फोडून दुधाचा कालवा आणायचा होता. इथे संध्याकाळची सकाळ करणं तेवढंच दुष्कर ठरतं. त्या पराक्रमाचं मोल इथे नुसती रात्र निभावण्याला लाभतं. परक्या शहरात, भाड्याच्या खोलीत जागणाऱ्या आजच्या माणसाला हा शेर समजावून सांगावा लागत नाही.

याच गझलेत गालिब म्हणतो, की जाणिवेने ऐकण्याचं जाळं हवं तेवढं पसरावं. माझ्या बोलण्यातला आशय म्हणजे अन्का, नावाने ठाऊक असलेला पण कुणाच्या हाती न लागलेला पक्षी. दुर्बोध म्हणून ज्याला टोमणे ऐकावे लागले, त्या कवीचा ताठा यात आहेच. पण माणूस माणसाला पुरता कळत नाही, ही खंतही आहे. क्षणात निरोप पोचवणाऱ्या आपल्या काळात ती खंत अधिकच बोचते.

गालिब आपल्याला दिलासा देत नाही, उपदेश तर नाहीच. श्रद्धा पुरती टिकत नाही आणि अश्रद्धेतही मन रमत नाही, अशा मधल्या जागी आज आपल्यापैकी कितीतरी जण उभे आहेत. त्या जागेला दुबळेपणा न मानता तिथून ताठ मानेने प्रश्न विचारता येतो, आणि तो प्रश्न सुंदरही असू शकतो, हे गालिबने दाखवलं. म्हणून त्याची गझल मला आजची वाटते.