सूर कोणाचा, शब्द कोणाचे?

ऑपेरा मूळ भाषेत गावा की श्रोत्यांच्या भाषेत, हा वाद युरोपात फार जुना आहे. लंडनमध्ये तर दोन्ही पक्षांना स्वतंत्र घरे लाभली. कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये सामान्यतः मूळ भाषेत गायन होते, तर इंग्लिश नॅशनल ऑपेराने इंग्रजीतून गाण्याचे व्रत घेतले. एक पक्ष म्हणतो, शब्द बदलले की सूर पोरके होतात. दुसरा विचारतो, जे कळलेच नाही ते नाटक कसले? दोहोंच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून तत्त्वचर्चा बाजूला ठेवून आम्ही एकच उदाहरण घेतो, आणि तेही अनुवादाला सर्वांत प्रतिकूल असे.

लेओश यानाचेक हा चेक संगीतकार माणसांच्या बोलण्यातील चढउतार स्वरलिपीत टिपून ठेवीत असे. १९०३ साली त्याची मुलगी ओल्गा मृत्युशय्येवर असताना तिचे बोलही त्याने असेच टिपले. तिच्या स्मृतीस अर्पण केलेला ‘येनुफा’ हा त्याचा ऑपेरा १९०४ साली ब्रनो येथे रंगभूमीवर आला. त्याची संहिता गद्य आहे आणि तिचे सूर चेक बोलीच्या लयीतून उमललेले आहेत. चेक भाषेत आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो आणि मराठीप्रमाणेच नामाच्या मागे उपपद लागत नाही. त्यामुळे गाण्याची ओळ पुष्कळदा थेट ठोक्यावरच उभी राहते.

आता हीच ओळ जर्मनमध्ये न्यायची. तेथे नामाआधी उपपद येणार. त्यासाठी ठोक्याच्या आधी एक जास्तीचा स्वर घालावा, तर संगीतकाराची ओळ बदलते. न घालावा, तर जोराच्या स्वरावर बिनमहत्त्वाचा शब्द येऊन बसतो. शिवाय उंच स्वरावर ‘आ’सारखा मोकळा स्वरवर्ण असेल तर गायिकेचा गळा खुलतो, ‘ई’ आली की आवळतो. अर्थ, आघात आणि गळा या तिघांचे समाधान एकाच शब्दाने करायचे, ही अनुवादकाची कसोटी. ती साधत नाही तेव्हा मूळ भाषेचा कैवार घेणाऱ्यांना आम्ही दोष देणार नाही.

परंतु पुढचा इतिहास या निष्कर्षाला छेद देतो. प्राग येथे ‘येनुफा’चा प्रयोग व्हायला १९१६ साल उजाडले. त्यानंतर काफ्काचा मित्र माक्स ब्रोड याने त्याचा जर्मन अनुवाद केला, आणि १९१८ साली व्हिएन्नात तो गायिला गेला तेव्हा यानाचेकने साठी ओलांडली होती. १९२४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पोहोचलेला ‘येनुफा’ही जर्मनच होता. ब्रोडने संहितेत घेतलेल्या स्वातंत्र्यावर पुढे टीका झाली, ती योग्यच होती. तरीही आज मोठमोठ्या नाट्यगृहांत हा ऑपेरा चेक भाषेत ऐकू येतो, त्याची वाट त्या सदोष अनुवादाने मोकळी केली. ज्या कृतीला अनुवाद सर्वांत कमी मानवतो, तिलाच अनुवादाने जग दाखवले.

१९८३ साली टोरांटोत रंगमंचावर अनुवादाच्या पाट्या झळकू लागल्या आणि वाद मिटला, असे अनेकांना वाटले. २००५ साली इंग्लिश नॅशनल ऑपेरानेही त्या स्वीकारल्या, म्हणजे इंग्रजी गाण्यालाही इंग्रजी पाटी लागली! आमच्या मते पाटीने अर्थ मिळतो, पण वेळ चुकते. विनोदी प्रसंगात गायकाच्या तोंडून ओळ येण्यापूर्वीच प्रेक्षक वाचून हसतो. म्हणून विनोदी ऑपेरा श्रोत्यांच्या भाषेत गावा, आणि ‘येनुफा’सारखी कृती एकदा परिचित झाली की मूळ भाषेकडे परतावे, असे आम्हास वाटते. अनुवाद आधी, मूळ नंतर, हा क्रम आम्हास कमीपणाचा वाटत नाही.

आपल्याला तर तो मुळीच वाटू नये. बेळगावशी निकटचा संबंध असलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत आणले, तेव्हा संस्कृत नाटक मराठी गळ्यातून गाऊ लागले. १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालगायकीतल्या चिजांच्या चाली दिल्या, आणि परभाषेतील शब्दांवर वाढलेल्या सुरांत मराठी शब्द बसले. ज्याला आपण आज अस्सल मराठी नाट्यसंगीत म्हणतो, त्याच्या मुळाशी ब्रोडने केले तसलेच काम आहे.

हा प्रश्न आता आपल्या घरात आला आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपली नातवंडे नाट्यपदाच्या तानेवर मान डोलावतात, पण पदातल्या नायिकेचा राग कशाबद्दल आहे हे त्यांना कित्येकदा उमगत नाही. पद मराठीतच गावे, त्यात तडजोड नको. मात्र गाण्यापूर्वी त्याचा प्रसंग त्यांच्या सवयीच्या भाषेत, हिंदीत म्हणा वा गुजरातीत, दोन वाक्यांत सांगण्यास आपण संकोचू नये. व्हिएन्नातल्या श्रोत्यांनाही ‘येनुफा’ आधी त्यांच्याच भाषेत भेटली होती.