चीतपट आणि नुरा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला घरी आला होता. सध्या तो बंगळूरला संगणकाच्या व्यवसायात आहे. शाळेत असताना त्याच्या गणिताच्या वहीत मला कसल्याशा व्हिडिओ गेमचे नकाशे सापडले होते आणि मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतले होते. ती आठवण काढून तो हसला. मग चिवड्याची बशी बाजूला सारून त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "सर, तोच खेळ आज तुम्हाला दाखवतो. नाटक कसं पाहायचं ते तुम्हीच आम्हाला शिकवलंत, तसंच हे पाहा."

पडद्यावर कोरियातल्या एका सामन्याचे जुने चित्रण होते. काचेच्या दोन खोल्यांत कानांवर हेडफोन लावलेले दोन तरुण, समोर टाळ्या पिटणारी शेकडो मुले-मुली आणि टेबलाशी बसून घसा फाटेपर्यंत ओरडणारे तिघे निवेदक. कोरियन भाषेचा एक शब्दही मला कळत नव्हता. पण कन्नड नीटसे येत नव्हते त्या वयात मी श्रीकृष्ण पारिजात रात्रभर जागून पाहिले आहे, आणि आपल्या भागातल्या अनेकांचा अनुभव असाच असेल. भाषा नंतर कळते. समोर काही तरी पणाला लागले आहे, हे आधी कळते.

खेळाचे नाव स्टारक्राफ्ट. अमेरिकेतल्या ब्लिझर्ड कंपनीने तो 31 मार्च 1998 रोजी बाजारात आणला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'ब्रूड वॉर' ही त्याची पुरवणी काढली. कोरियात नावारूपाला आला तो या पुरवणीसह. याला बुद्धिबळाचा भाऊ म्हणतात, पण मला ही तुलना अर्धीच पटते. बुद्धिबळात सगळा पट दोघांनाही दिसतो आणि चाल आळीपाळीने होते. इथे दोघे एकाच वेळी खेळतात, आणि आपली माणसे जिथे पोहोचली आहेत तेवढाच भाग उजेडात असतो, बाकी अंधार. चार कामकरी घेऊन सुरुवात करायची, खनिज आणि वायू गोळा करायचा, त्यातून घरे बांधायची, सैन्य उभारायचे. वंश तीन. टेरन म्हणजे माणसे, झर्ग म्हणजे झुंडीने वाढणारे जीव आणि प्रोटॉस ही परग्रहावरची प्रगत जमात. तिघांच्या सैन्याची, बांधकामाची रीत वेगळी, आणि तरीही तिघांचे पारडे जवळजवळ समतोल.

या समतोलामागे एक गमतीची गोष्ट आहे. कंपनीने 2001 साली या वंशांच्या बळात शेवटची दुरुस्ती केली आणि मग दहा-अकरा वर्षे त्याला हात लावला नाही. पुढे कुठला वंश डोईजड झाला की कोरियातली मंडळी नियम न बदलता नकाशे बदलत. कुठे चढण अरुंद करायची, कुठे खनिजाची जागा सरकवायची. बंदिश तीच ठेवून गायकी वाढत जावी तसे हे झाले. शिवाय या खेळात एका वेळी बारापेक्षा जास्त शिपाई निवडता येत नाहीत. शंभर शिपाई हलवायचे तर बोटांनी मिनिटाला तीनशेच्या आसपास हालचाली करायच्या, आणि त्याच वेळी डोके शांत ठेवायचे. नंतरच्या खेळांनी ही गैरसोय दूर केली. माझ्या मते त्या गैरसोयीतच प्रेक्षकाचा आनंद होता, कारण खेळाडूचे श्रम त्याला डोळ्यांनी दिसत.

हे सारे कोरियातच का घडले, याचे कारण निम्मे आर्थिक आहे. 1997 च्या आशियाई आर्थिक संकटात तिथे हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्यातल्या पुष्कळांनी उरलीसुरली पुंजी घालून 'पीसी बांग' उघडले. बांग म्हणजे खोली. तासावर पैसे घेऊन संगणक वापरू देणाऱ्या या खोल्या गल्लोगल्ली झाल्या, सरकारने वेगवान इंटरनेटचे जाळे पसरले, आणि हाताला काम नसलेल्या तरुणांना स्वस्तात एक मैदान मिळाले. 2000 साली ऑनगेमनेट ही केवळ खेळांना वाहिलेली दूरचित्रवाहिनी सुरू झाली आणि त्याच वर्षी खेळाडूंची नोंदणी करणारी ई-स्पोर्ट्स संघटनाही स्थापन झाली. पुढे टेलिफोन कंपन्यांनी संघ बाळगले. संघाची मुले एकाच घरात राहत, एकत्र जेवत आणि दिवसाचे दहा-बारा तास सराव करीत. आपल्याकडच्या तालमींची आठवण यावी असा हा प्रकार. 2004 च्या उन्हाळ्यात बुसान शहरातल्या ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावर सांघिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला, तेव्हा सुमारे एक लाख लोक जमल्याचे सांगितले गेले. आकड्यात थोडी दिवाळी धरली, तरी वाळूत बसून व्हिडिओ गेम पाहणारा तो समुदाय लहान नव्हता.

त्या समुदायाचा लाडका होता लिम यो-ह्वान. खेळातले नाव 'बॉक्सर'. टेरन वंश दुबळा मानला जात होता त्या दिवसांत, 2001 साली, त्याने त्याच वंशाने एकामागून एक दोन स्टारलीग जिंकल्या. हरता हरता चार शिपाई विमानात घालून शत्रूच्या मागच्या दाराने उतरवायचे आणि डाव फिरवायचा, ही त्याची शैली. लोक त्याला टेरनांचा सम्राट म्हणत. त्याचा प्रतिस्पर्धी हाँग जिन-हो, नाव 'यलो', झर्ग खेळणारा. झंझावाती चढाई करणारा हा गुणी खेळाडू दोन मोठ्या वैयक्तिक स्पर्धांपैकी एकही कधी जिंकू शकला नाही. अंतिम फेरीत पुन्हा पुन्हा दुसरा आला. कोरियात दोन हा आकडाच त्याच्या नावाला चिकटला आणि त्याच्यावरचे विनोद दोनदा सांगण्याची प्रथा पडली. त्याने ते हसत सोसले, हे विशेष.

माझ्या विद्यार्थ्याने मला दाखवला तो या दोघांचा 12 नोव्हेंबर 2004 चा उपांत्य सामना. पाच डावांपैकी तीन जिंकायचे. वर्षानुवर्षांचे वैर, देशभर लोक दूरचित्रवाणीसमोर. पहिल्या डावात हाँगने लवकर दुसरे ठाणे उभारायला घेतले. म्हणजे आज सैन्य कमी, उद्या उत्पन्न दुप्पट. लिमने आपले कामकरी खाणीवरून उठवले, मोजक्या शिपायांबरोबर थेट हाँगच्या दारात नेले आणि तिथे एक बंकर बांधला. बंकर म्हणजे चार शिपाई आत बसून गोळ्या झाडू शकतील अशी छोटी गढी. हाँगचे नवे ठाणे पडले, डाव संपला. दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्यातही तेच. घरी बसून तळलेली कोंबडी मागवणाऱ्यांची कोंबडी पोचायच्या आत सामना आटोपला, असे तिथे अजून सांगतात.

लोक संतापले. एवढ्या मोठ्या सामन्यात हा कसला पोरकटपणा, सम्राटाला हे शोभते का, अशी टीका झाली. मला या टीकेचे महत्त्व वाटते, कारण ती आपल्या साहित्यशास्त्रातल्या एका जुन्या प्रश्नाशी येऊन थांबते. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्य हा काव्याचा प्राण मानला. अलंकार कितीही मोलाचा असो, तो जागच्या जागी हवा. गळ्यातला हार कमरेला बांधला तर हसेच होणार. मग उपांत्य फेरीत, जुन्या वैऱ्यासमोर, तीन वेळा एकच झटपट डाव टाकणे हे औचित्याला धरून होते काय?

पहिल्यांदा पाहताना मीही 'नाही' म्हणालो. दोन डावांनंतर मला फसवल्यासारखे वाटले होते. पण रात्री विचार करताना माझे मत बदलले. काव्याचा शेवट कवीच्या हाती असतो, म्हणून औचित्य सांभाळणे हे कवीचे काम. खेळाचा शेवट कोणाच्याच हाती नसतो. तो पडदा उघडण्यापूर्वी लिहिलेला नाही, या एकाच गोष्टीवर खेळाचा सगळा रस उभा आहे. लिमने शोभेसाठी डाव लांबवला असता, तर तो खेळाडू न राहता नट झाला असता. तेही प्रेक्षकाला न सांगता झालेला नट.

शिवाय तो डाव स्वस्त नव्हता. कामकरी खाणीवरून उठवणे म्हणजे ऐन पेरणीत शेत सोडून लढाईला जाणे. हाँगने ती चढाई परतवली असती, तर लिमची तिजोरी रिकामी राहून डाव त्याच्याच हातून गेला असता. आणि तिसऱ्या वेळी तोच डाव टाकायला वेगळीच छाती लागते. समोरचा आता सावध असणार, हे तर शेंबड्या पोराला कळेल. 'पुन्हा तिसऱ्यांदा हा असे करणार नाही' असे हाँगला वाटेल, हे लिमने ओळखले. मला हे त्या माणसाचे केलेले वाचन वाटते. इतकी वर्षे ज्याच्याशी वैर केले, त्याचे मन इतके कोणाला कळणार?

आपल्या सीमाभागातल्या कुस्तीशौकिनाला हे समजावून सांगावे लागू नये. महिनाभर गाजवलेली जोड पहिल्याच मिनिटाला चीतपट झाली, की मैदान हळहळते. पैसे फिटले नाहीत, म्हणते. पण त्या मल्लाला कोणी लबाड म्हणत नाही. लबाडीसाठी आपल्या भाषेत दुसरा शब्द आहे, नुरा. आधी ठरवून खेळलेली कुस्ती. ती अर्धा तास चालेल, डाव-प्रतिडाव पाहून डोळे दिपतील, आणि तरी ती नुराच.

कोरियातल्या या खेळाने नुराही पाहिली. मा जे-युन हा झर्ग खेळाडू कलावंत म्हणून लिमच्या तोडीचा होता. 'मायेस्त्रो' म्हणत त्याला, वाद्यवृंदाच्या संचालकाला म्हणतात तसे. समोरच्याची प्रत्येक फळी आपल्याच इशाऱ्यावर हलते आहे असा भास त्याच्या खेळातून होई. 2007 च्या फेब्रुवारीत तो सर्वोच्च स्थानी होता. मार्चच्या 3 तारखेला किम तेक-यंग या प्रोटॉस खेळाडूने त्याला तीन-शून्य असे हरवले, आणि झर्गविरुद्ध प्रोटॉसने कसे खेळावे याचे सगळे गणितच त्या एका संध्याकाळी बदलले. पुढे माची उतरण लागली. 2010 साली बेकायदा सट्टेबाजांशी संधान बांधून सामने ठरवल्याचे प्रकरण बाहेर आले, आणि त्यात दलाल व खेळाडू यांच्यामधला दुवा म्हणून माचे नाव होते. संघटनेने अकरा खेळाडूंना कायमचे बाहेर काढले. न्यायालयाने माला दोषी ठरवून तुरुंगवासाची स्थगित शिक्षा दिली.

आरोप होते ते त्याच्या वैभवकाळानंतरच्या सामन्यांचे. तरी माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, आता त्याचे जुने सामनेसुद्धा पाहवत नाहीत." इथे समीक्षक म्हणून माझी अडचण होते. लेखकाचे चारित्र्य बाजूला ठेवून कलाकृती वाचावी, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. कवितेच्या बाबतीत आजही सांगेन. पण कवितेने वाचकाला 'मी खरोखरच जिंकायला निघालो आहे' असा शब्द दिलेला नसतो. खेळाडूने दिलेला असतो, आणि प्रेक्षकाने त्या एका शब्दावर आपली संध्याकाळ, आपला घसा, काही वेळा आपले तारुण्य त्याच्या हवाली केलेले असते.

आपल्या संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता देणारा कायदा केला, तेव्हा मला हे प्रकरण आठवले. पालकसभेत मोबाईलवरच्या 'गेम'बद्दल तक्रारी येतात, तेव्हा आम्ही शिक्षक खेळ आणि सट्टा एकाच पिशवीत कोंबतो. मीही कोंबत होतो.

पुढची हकीकत थोडक्यात. 2010 मध्ये कंपनीने खेळाची दुसरी आवृत्ती काढली. प्रक्षेपणाचे हक्क कोणाचे, यावरून कंपनी आणि कोरियन संघटना यांच्यात आधीपासूनच भांडण होते. खेळ एकाच्या मालकीचा आणि परंपरा दुसऱ्यांनी उभारलेली, अशा ठिकाणी परंपरेचे काय होते ते वेगळे सांगायला नको. ब्रूड वॉरची शेवटची स्टारलीग 4 ऑगस्ट 2012 रोजी संपली. हो यंग-मू या प्रोटॉस खेळाडूने ती जिंकली आणि अंतिम फेरीत त्याच माणसाकडून लागोपाठ दुसऱ्यांदा हरला जंग म्यंग-हून. पण खेळाडूंनी घरून आपापले प्रक्षेपण सुरू ठेवले, 2016 पासून नवी लीग उभी राहिली, आणि गुणवत्तेत सर्वश्रेष्ठ मानला गेलेला ली यंग-हो तीतही जिंकत राहिला. त्याचा खेळ निर्दोष आहे. मला मात्र तो पाहताना एखाद्या शुद्धलेखनाच्या वहीला पूर्ण गुण दिल्यासारखे वाटते. हा कदाचित माझ्या वयाचा दोष असेल.

एक सांगायचे राहिले. तीन बंकरांनी अंतिम फेरी गाठलेल्या लिमसमोर त्याच महिन्यात उभा राहिला चोई यॉन-सुंग, त्याच्याच संघातला, त्यानेच तयार केलेला शिष्य. पाचही डाव झाले. शिष्य तीन-दोनने जिंकला आणि सम्राट मंचावर रडला. ज्यांनी बंकरांवरून त्याला शिव्या दिल्या होत्या, त्यांनीही त्या दिवशी डोळे पुसले असतील.

2017 च्या जुलैत, खेळाची नवी रंगवलेली आवृत्ती आली तेव्हा, ग्वांगाल्लीच्या त्याच किनाऱ्यावर जुन्या खेळाडूंना बोलावले होते. लिम आणि हाँग दोघेही आले होते. त्यांचे 2004 चे ते तीन डाव लोक अजून काढून पाहतात. तिन्ही मिळून अर्धा तासही लागत नाही.